'हॅज केम' आणि आलेलं मटेरियल

प्रश्न : माझं वय ४१. साताऱ्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअर आणि डिस्पॅच बघते. शिक्षण मराठी माध्यमात, इंग्रजी पाचवीपासून. काम सगळं येतं, पण ईमेल लिहायची वेळ आली की हात अडतो. गेल्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपवर मी 'मटेरियल हॅज केम येस्टर्डे' असं टाकलं. साहेबांनी तिथेच, सगळ्यांसमोर, 'हॅज कम येस्टर्डे, प्लीज!' असं लिहून पुढे हसरा चेहरा टाकला. चाळीस जणांनी वाचलं. तेव्हापासून मी ग्रुपवर फक्त अंगठा दाखवते. मला सांगा, 'केम' म्हणजे आलं, 'कम' म्हणजे ये. मग 'हॅज'पुढे 'कम' बरोबर कसं? मुलगी सातवीत आहे, तिच्या पुस्तकाच्या मागे क्रियापदांच्या तीन रूपांची लांबलचक यादी आहे. ती सगळी पाठ करायची का? या वयात होईल का? की यात काही तर्क आहे?

उत्तर :

ताई, यादी पाठ करू नका. हे मी आधीच सांगते, कारण आज रात्री तुम्ही ती घेऊन बसाल अशी मला भीती आहे.

मी ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. पहिली काही वर्षं मीही मुलांकडून तीन रूपं पाढ्यांसारखी म्हणवून घ्यायची. गो-वेन्ट-गॉन, कम-केम-कम, सगळा वर्ग एका सुरात. एक मुलगा होता, त्याची यादी माझ्यापेक्षा पक्की. मधूनच कुठलंही क्रियापद विचारा, तिन्ही रूपं फाडफाड सांगायचा. एकदा शाळा तपासणीला अधिकारी आले. हा खिडकीपाशी बसलेला, त्याने जीप बघितली आणि ओरडला, "मॅडम, साहेब हॅज केम!" यादी त्याच्या तोंडात होती, वाक्यात उतरली नव्हती. त्या दिवसापासून मी ते पाढे बंद केले.

आता तुमचं वाक्य. तुमच्या मनात आधी मराठी वाक्य आलं, 'मटेरियल आलं आहे'. तुम्ही 'आलं'च्या जागी 'केम' ठेवलं, 'आहे'च्या जागी 'हॅज' ठेवलं. एवढा सरळ हिशेब केल्यावर चूक निघेल असं कुणाला वाटेल? पण गोम इथेच आहे. 'मटेरियल आलं' आणि 'मटेरियल आलं आहे' या दोन्ही वाक्यांत आपलं 'आलं' तेच राहतं. 'गेला' आणि 'गेला आहे', 'तुटलं' आणि 'तुटलं आहे', सगळीकडे तसंच. इंग्रजी मात्र या दोन जागांवर दोन वेगळे गडी लावते. सुट्या 'आलं'ला दुसरं रूप. 'हॅव' किंवा 'हॅज'च्या शेजारी तिसरं.

आणि गंमत म्हणजे हा तिसरा गडी मराठीत आहे. आपण त्याला ओळखत नाही इतकंच. खुर्ची मोडली, हे झालं दुसरं रूप, 'ब्रोक'. मोडलेली खुर्ची, हे झालं तिसरं, 'ब्रोकन'. पाणी गोठलं, 'फ्रोझ'. गोठलेलं पाणी, 'फ्रोझन'. पत्र लिहिलं, 'रोट'. लिहिलेलं पत्र, 'रिटन'. तिसरं रूप म्हणजे आपला 'लेला-लेली-लेलं'. इंग्रजीला 'हॅव'पुढे 'आलं' नको असतं, 'आलेलं' हवं असतं. आपणही कधी कधी तसं बोलतोच की. 'साहेब आलेले आहेत', 'मी अर्ज दिलेला आहे'. तेव्हा 'हॅव' किंवा 'हॅज' लिहिलंत की मनात 'आलं आहे' म्हणू नका, 'आलेलं आहे' म्हणा. 'दिलेलं आहे', 'तुटलेलं आहे', 'पाठवलेलं आहे'. त्या 'लेलं'ने हात तिसऱ्या रूपाकडे वळतो.

हे मी ओढूनताणून जुळवत नाहीये. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही रचना अशीच सुरू झाली. 'हॅव' म्हणजे जवळ असणं. 'माझ्याजवळ पत्र आहे, लिहिलेलं', असं म्हणायची पद्धत होती. हळूहळू शब्दांची जागा बदलली आणि 'माझ्याजवळ लिहिलेलं पत्र आहे'चं 'मी पत्र लिहिलं आहे' झालं. तिसरं रूप मात्र तेव्हाही 'लिहिलेलं' होतं, आजही तेच आहे. आणखी एक मजा बघा. त्या काळी येण्याजाण्याच्या क्रियापदांना बहुधा 'हॅव' लागत नसे, 'इज' लागे. अगदी आपल्या 'आलं आहे'सारखं. त्याचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, 'ही इज गॉन'.

तर तुमचं पाठांतर किती झालंय ते बघू. गल्लीत क्लासची पाटी असते ना? 'स्पोकन इंग्लिश'. 'स्पोक इंग्लिश' अशी पाटी कधी बघितलीत? फ्रिजरमध्ये 'फ्रोझन' मटार असतात. मुलीची 'रिटन' परीक्षा असते. आउट ऑफ हँड गेलेल्या माणसाला आपण 'गॉन केस' म्हणतो, 'वेन्ट केस' म्हणत नाही. 'वेल डन' म्हणतो, 'वेल डिड' नाही. टायर 'वॉर्न आउट' होतो, जीन्स 'टॉर्न' मिळते, बाकावर रुमाल टाकून सीट 'टेकन' असते, फॉर्मवर 'गिव्हन बिलो' असतं. आणि रात्री गाडी धडकवणारा 'ड्रंक' ड्रायव्हर. त्याला आपण मराठीत काय म्हणतो? प्यायलेला! पुन्हा 'लेला'.

म्हणजे स्पोकन, फ्रोझन, रिटन, गॉन, डन, वॉर्न, टॉर्न, टेकन, गिव्हन, ड्रंक. दहा झाली, आणि ही तुम्हाला कुणी शिकवली नाहीत. यांच्याआधी फक्त 'हॅव' लावायचं. 'आय हॅव स्पोकन टू द ट्रान्सपोर्टर.' 'वी हॅव गिव्हन द चलान.' 'द बेल्ट हॅज वॉर्न आउट.' तुमच्या मनात 'आय हॅव स्पोक' आलं की क्लासची पाटी आठवा.

एका ठिकाणी फसाल म्हणून सांगून ठेवते. लॉगिनच्या पानावर 'फरगॉट पासवर्ड?' असं असतं. ते तिसरं रूप नाही. तो प्रश्न आहे, 'विसरलात का?' 'हॅव' आलं की 'फरगॉटन' लिहा.

आता 'कम'. तुमची तक्रार अशी की 'कम' म्हणजे 'ये', ते 'हॅज'पुढे कसं चालेल. पण 'पुट' म्हणजे 'ठेव', आणि 'आय हॅव पुट' म्हणजे 'मी ठेवलेलं आहे', हे तुम्हाला खटकत नाही ना? 'कट'चंही तसंच. रूप तेच, काम वेगळं. 'पुट' आणि 'कट' तिन्ही ठिकाणी एकच अंगरखा घालतात. 'कम' मधल्या फेरीला 'केम' होऊन येतं आणि तिसऱ्या फेरीला पुन्हा घरच्या कपड्यांत. त्याच्या घरचे आणखी दोघेच तुम्हाला लागतील, 'बिकम' आणि 'रन'. 'हॅज बिकम', 'हॅज रन आउट'. स्टोअरमध्ये 'स्टॉक हॅज रन आउट' तुम्हाला लिहावं लागत असेलच, तिथे 'रॅन' नको.

'वेन्ट'ची गोष्ट जरा निराळी आहे. तो 'गो'चा सख्खा नाहीच. इंग्रजीत 'वेन्ड' नावाचं दुसरं क्रियापद होतं, वाट काढत जाणं अशा अर्थाचं. त्याचा भूतकाळ 'वेन्ट'. 'गो'चा स्वतःचा भूतकाळ वापरातून गेला आणि काही शतकांपूर्वी हा 'वेन्ट' दत्तक आला. तो फक्त त्या एका जागेवर आला. तिसऱ्या जागेवर 'गॉन' आधीपासून बसलेलं होतं, ते हललं नाही. हसू नका, आपल्याकडेही हेच झालंय. 'जातो'चं 'गेला' कसं होतं? 'जा' एका धातूतून आलं, 'गेला' दुसऱ्याच, 'गत' या रूपातून. आणि नुसती वाकडी रूपं तर कितीतरी, 'येतो'चं 'आला', 'करतो'चं 'केलं', 'मरतो'चा 'मेला', 'पितो'चं 'प्यायलं'. तुमच्या मुलीने लहानपणी 'मी करलं' म्हटलं असेल. यादी करून दिलीत का तिला? 'करलं नाही गं, केलं' एवढंच म्हणालात आणि पोळी लाटत राहिलात.

आणखी एक खूण देते, ती देवनागरीत फार छान दिसते. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. सिंग, सँग, संग. रिंग, रँग, रंग. बिगिन, बिगॅन, बिगन. मधल्या रूपाच्या डोक्यावर चंद्र आहे, तिसऱ्याच्या नाही. 'हॅव'च्या डोक्यावर त्याचा स्वतःचा चंद्र आहेच. शेजारी दुसरा नको. 'वर्क हॅज बिगन.'

आणि सगळ्यात मोठा दिलासा. तुमच्या कामातली निम्म्याहून जास्त क्रियापदं या भानगडीत पडतच नाहीत. रिसीव्ह, चेक, डिस्पॅच, लोड, कन्फर्म, कम्प्लीट, अपडेट. यांना शेवटी 'ड' किंवा 'ट'चा आवाज लावला की दुसरं आणि तिसरं रूप एकदमच तयार. 'सेंड-सेंट', 'कीप-केप्ट', 'लूज-लॉस्ट', 'ब्रिंग-ब्रॉट', 'बाय-बॉट' यांचीही दोन्ही रूपं एकच, तिथे निवडायलाच काही नाही. फक्त 'ब्रॉट' आणि 'बॉट'ची अदलाबदल करू नका. 'ब्रिंग'मध्ये 'र' आहे तो 'ब्रॉट'मध्ये राहतो. एखादा अमेरिकन ग्राहक 'हॅज गॉटन' लिहील, तो त्यांच्याकडचा रिवाज. आपल्याकडे ब्रिटिश वळणाने 'हॅज गॉट' लिहितात, तुम्ही तेच ठेवा.

इथवर रूपांचं झालं. पण तुम्ही ग्रुपवर परत लिहायला लागाल तेव्हा जी चूक होईल ती रूपाची नसेल, असा माझा अंदाज आहे. ती अशी असेल : 'मटेरियल हॅज डिस्पॅच्ड'. किंवा 'पेमेंट हॅज डन'. मराठी माध्यमातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या ईमेलमध्ये मी हे बघितलंय, इंग्रजी माध्यमातून आलेल्यांच्याही. तिसरं रूप अगदी बरोबर, आणि वाक्य लंगडं. का, तर आपण म्हणतो 'मटेरियल पाठवलं आहे', 'पेमेंट केलं आहे'. कुणी पाठवलं ते गिळून टाकतो, मराठीला ते चालतं. इंग्रजी मात्र वाक्याच्या तोंडाशी जो उभा दिसेल त्याच्या माथी काम मारते. 'पेमेंट हॅज डन' म्हणजे पेमेंटनेच काहीतरी करून ठेवलेलं आहे! म्हणून मध्ये 'बीन' लागतं. 'पेमेंट हॅज बीन डन', त्याहून बरं 'पेमेंट हॅज बीन मेड'. 'मटेरियल हॅज बीन डिस्पॅच्ड'. स्वतःला एकच प्रश्न विचारा, हे त्याने स्वतः केलं का? ट्रक स्वतः आला, 'हॅज कम'. बेल्ट स्वतः तुटला, 'हॅज ब्रोकन'. बॉक्स स्वतः पॅक झाला का? नाही ना? मग 'हॅज बीन पॅक्ड'. कर्ता माहीत असेल तर त्याला सरळ पुढे उभं करा, 'वी हॅव डिस्पॅच्ड द मटेरियल'. मला हेच जास्त आवडतं. जबाबदारी कुणाची तेही कळतं.

'बीन'चं नाव निघालं म्हणून हेही. 'ड्रायव्हर हॅज गॉन टू पुणे' म्हणजे पुण्याला गेलाय, अजून तिकडेच. 'ड्रायव्हर हॅज बीन टू पुणे' म्हणजे जाऊन आलाय. एका शब्दाच्या फरकाने माणूस तुमच्या गेटवर असतो किंवा नसतो.

बोलताना 'हॅव' जवळजवळ ऐकूच येत नाही, हीदेखील एक अडचण आहे. 'आय'च्या शेपटीला नुसता 'व्ह' लागतो. आपण 'केलं आहे'चं 'केलंय' करतो, 'गेलो आहे'चं 'गेलोय', तसंच. 'केलंय'मधला 'आहे' जसा तुम्हाला न दिसता कळतो, तसा तो 'व्ह' कळायला कानाला थोडी सवय लागेल. लिहिताना मात्र पूर्ण लिहा, ऑफिसच्या मेलमध्ये ते शोभतंही.

करायचं काय ते सांगते. पाठवलेल्या ईमेलचा फोल्डर उघडा. गेल्या महिन्याभरातली 'हॅव' आणि 'हॅज'वाली वाक्यं एका वहीत उतरवा. तुम्हाला खरोखर लागणारी क्रियापदं तीसच्या आतच निघतील, बघा. त्यांचं तिसरं रूप कधीही सुटं लिहू नका. 'गॉन' नाही, 'हॅव गॉन'. 'सीन' नाही, 'हॅव सीन'. जोडीनेच लिहायचं आणि जोडीनेच म्हणायचं. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी तिन्ही रूपं एका दमात म्हणायला लावली, म्हणून त्याच्या जिभेवर 'कम'च्या पुढे 'केम' आपोआप यायचं. 'हॅज कम' असं पंधरा वेळा वाक्यात म्हणवून घेतलं असतं, तर तपासणीच्या दिवशी माझी लाज राहिली असती.

मुलीला विचारायचा संकोच वाटतो असं तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटलं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. तुमच्या कानावर ते पाचवीत पडलं, तिच्या कानावर पहिलीत. चार वर्षं ती पुढे आहे, त्यात तुमचा दोष काय? भाजी निवडताना तिला म्हणा, तू 'लेलं' देत जा. ती म्हणेल 'हरवलेलं', तुम्ही म्हणा 'आय हॅव लॉस्ट'. ती म्हणेल 'लपवलेलं', तुम्ही 'आय हॅव हिडन'. ती मुद्दाम अवघड शब्द काढील, मुलींना आईची परीक्षा घ्यायला फार आवडतं. तुम्ही चुकलात की तिला पहिला आंबा.

आता ज्या वाक्यावरून हे सगळं सुरू झालं तिकडे परत येते, कारण त्यात एक गोष्ट राहिली. या काळाचं मराठी नाव काय? पूर्ण वर्तमानकाळ. घडून गेलेलं सांगतो, तरी नाव वर्तमानकाळ, कारण नजर आत्तावर असते. मटेरियल आलेलं आहे, म्हणजे आत्ता स्टोअरमध्ये आहे, उचला. कधी आलं हे त्याला सांगायचंच नसतं. 'जस्ट', 'ऑलरेडी', 'टुडे', 'दिस वीक', 'येट' हे शब्द त्याच्याजवळ बसतात, कारण ते आत्ताला चिकटलेले आहेत. 'येस्टर्डे' आला, 'लास्ट वीक' आला, तारीख आली, की ती वेळ संपली, दार लागलं. तिथे 'हॅव-हॅज' बसत नाही, साधा भूतकाळच लागतो. मराठीत 'मटेरियल काल आलंय' खुशाल चालतं, म्हणून आपल्या हातून हे सुटतं. आपल्याकडचे मोठमोठे लोक 'आय हॅव सेंट इट येस्टर्डे' लिहितात. शाळेच्या पेपरात मी त्याचा अर्धा गुण कापायचे.

तेव्हा तुमचं वाक्य परत वाचा. 'मटेरियल हॅज केम येस्टर्डे'. यात 'केम' बरोबर होतं. 'येस्टर्डे' बरोबर होतं. जास्तीचं होतं ते 'हॅज'. ते काढलं असतं तर 'मटेरियल केम येस्टर्डे', बिनचूक. साहेबांनी नेमका तुमचा बरोबर शब्द बदलला आणि चुकलेला तसाच ठेवला.

हे त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर पगारवाढीचं पत्र हातात पडेपर्यंत थांबले असते.